शिकारी लोक नेमबाजीचा सराव किती वेळा करतात? नियम, गणित आणि तंत्रज्ञान

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या ऑफिसचं कॅलेंडर सुट्ट्यांनी भरून जातं. मी नॉर्वेमध्ये ट्रॉनहाइमला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथे बहुतेक भागांत २५ सप्टेंबरला एल्कची शिकार सुरू होते. एल्क म्हणजे घोड्याहून उंच, रुंद शिंगांचं भलंमोठं हरीण. आपल्याकडे गणपतीत कोकणातल्या माणसाची सुट्टी जशी कुणी अडवत नाही, तशी इथे एल्कच्या शिकारीची सुट्टी कुणी अडवत नाही.

मी स्वतः शिकारी नाही. पण दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यांच्या गटाबरोबर फक्त बघायला म्हणून गेलो आणि तिथे जे पाहिलं त्यातून एक प्रश्न डोक्यात बसला: वर्षातून आठ-दहा दिवस शिकार करणारा माणूस त्या दिवसांसाठी तयार कसा राहतो? त्याने सराव किती वेळा करायला हवा? कायदा काय सांगतो, आणि सेन्सर, सिम्युलेटर वगैरे तंत्रज्ञानाने यात काय फरक पडलाय? त्यानंतर मी शूटिंग रेंजवर जायला लागलो, प्रशिक्षकांना प्रश्न विचारले, थोडं गणितही केलं. ते सगळं इथे सोप्या भाषेत मांडतो.

त्या दिवशी काय झालं होतं?

माझे हे सहकारी पंचावन्नच्या आसपासचे. पंचवीसेक वर्षं शिकार करणारे. त्या वर्षी कामाच्या गडबडीत त्यांनी सराव आणि परीक्षा कशीबशी ऑगस्टमध्ये उरकली होती. परीक्षेत पाचपैकी पाच गोळ्या बरोबर बसल्या होत्या.

शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सत्तर-ऐंशी मीटरवर एल्क आला. चालत होता. त्यांनी बार काढला, एल्क दचकला आणि झाडीत निघून गेला. गोळी लागली होती, पण मागे, पोटाकडे. मग माग काढणारा कुत्रा आणला. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधत होतो. एल्क सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे एक जनावर रात्रभर जखमी अवस्थेत जंगलात पडून होतं.

परत येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "परीक्षेत पाचपैकी पाच होते." पुढच्या वर्षी एप्रिलपासून ते दर दोन आठवड्यांनी रेंजवर दिसायला लागले, आणि मीही त्यांच्याबरोबर.

म्हणून हा विषय हौसेपुरता नाही. सराव कमी पडला तर त्याची किंमत शिकारी मोजत नाही, जनावर मोजतं.

कायदा काय सांगतो?

उत्तर युरोपातल्या देशांचे नियम बघितले की गंमत लक्षात येते. शेजारी शेजारी असूनही प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

नॉर्वे: मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. आधी सरावाच्या ३० गोळ्या झाडायच्या, मग परीक्षेत १०० मीटरवरच्या प्राण्याच्या आकृतीवर ५ गोळ्या. पाचही गोळ्या ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसायला हव्यात. चार बसल्या तर नापास. नापास झालात तर पुन्हा देता येते. शिवाय परीक्षा त्याच रायफलने द्यायची जी शिकारीला नेणार आहात.

फिनलंड: एल्क आणि मोठ्या हरणांसाठी ७५ मीटरवरून ४ गोळ्या, ९० सेकंदांच्या आत, २३ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात. अस्वलासाठी हेच वर्तुळ १७ सेंटिमीटरचं होतं. एकदा पास झालात की ३ वर्षं चालतं.

स्वीडन: शिकारीची परीक्षा १९८५ पासून आहे, पण ती एकदाच द्यायची. दरवर्षी नेमबाजीची परीक्षा सक्तीची नाही. त्याऐवजी ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड असे बॅज असतात. रुळावरून पळणाऱ्या एल्कच्या आकृतीवर ८० मीटरवरून नेम धरायचा आणि बॅज मिळवायचा. हे ऐच्छिक आहे, पण यासाठी लोक मनापासून सराव करतात.

म्हणजे "किती वेळा?" या प्रश्नाला कायद्याचं उत्तर देशागणिक बदलतं: वर्षातून एकदा, तीन वर्षांतून एकदा किंवा आयुष्यात एकदा. मात्र हे किमान आहे. गाडीचं लायसन्स असणं आणि घाटात रात्री गाडी चालवता येणं यात जो फरक आहे, तोच इथेही आहे.

३० सेंटिमीटरचं वर्तुळ एवढं अवघड का?

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्रॉन्झ जिंकलं. त्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. त्यापुढे ३० सेंटिमीटर म्हणजे मोठं ताटच की! मलाही आधी असंच वाटलं होतं.

आता थोडं गणित करू. वर्तुळाच्या मधोमध नेम धरलाय असं समजा. गोळी वर्तुळाबाहेर जायला १०० मीटरवर १५ सेंटिमीटरची चूक व्हायला हवी. रायफल साधारण १.१ मीटर लांब आणि दस्ता खांद्याला टेकलेला. मग नळीचं टोक किती हललं की ही चूक होते?

१५ सेंटिमीटर ÷ १०० मीटर × १.१ मीटर = सुमारे १.६५ मिलिमीटर.

दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवली तर जाडी साधारण तेवढीच होते. एवढ्या हालचालीने गोळी वर्तुळाबाहेर. रेंजवर निवांत पडून, श्वास सावरून हे जमतं. जंगलात मात्र तुम्ही चढ चढून आलेले असता, बोटं गारठलेली असतात, उभं राहून नेम धरायचा असतो आणि एल्क समोर दिसल्यावर छाती धडधडत असते.

त्यात जनावर चालत असेल तर आणखी एक अडचण. रायफलची गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटर वेगाने निघते. ८० मीटर जायला तिला सेकंदाचा एक दशांश भाग लागतो. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाने दुडकणारा एल्क अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. छातीवर धरलेला नेम पोटात लागतो. आमच्या सहकाऱ्यांचा एल्क चालतच होता, त्यामुळे फरक कमी होता, पण त्यात नळीची हालचाल मिळवली की पुरे. परीक्षेतली आकृती मात्र जागची हलत नाही.

पाच गोळ्यांच्या परीक्षेचं गणित

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एक गोष्ट लवकर शिकतो: टेस्ट पास झाली म्हणजे कोड बरोबर आहे असं नाही. इथेही तेच लागू होतं.

समजा एखाद्याच्या १०० पैकी ९० गोळ्या वर्तुळात बसतात. पाचही गोळ्या बसण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. अशीच बाकीची गणितं:

८० टक्के नेम असलेला: पास होण्याची शक्यता ३३ टक्के
९० टक्के: ५९ टक्के
९५ टक्के: ७७ टक्के
९९ टक्के: ९५ टक्के

वरवर बघता परीक्षा कडक वाटते. आता पुन्हा देण्याची मुभा लक्षात घ्या. ८० टक्केवाला तीनदा बसला तर एकदा तरी पास होण्याची शक्यता जवळपास ७० टक्के होते. म्हणजे पाचातली एक गोळी चुकवणारा माणूसही कागदोपत्री तयार असतो. आणि तो ८० टक्के रेंजवरचा आहे, जंगलातला नाही.

यात परीक्षेचा दोष नाही. पाच गोळ्यांत जेवढं कळू शकतं तेवढंच ती सांगते. बाकीचं कळायला स्वतःची नोंद ठेवावी लागते, आणि नोंद सरावातूनच होते.

कौशल्य किती दिवस टिकतं?

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये विसरण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. स्वतःवरच प्रयोग करून त्याने दाखवलं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि एका दमात घोकण्यापेक्षा थोडं थोडं, दिवस सोडून केलेलं जास्त टिकतं. त्याने हे निरर्थक अक्षरसमूहांवर केलं होतं, पण अंतर ठेवून सराव करण्याचा फायदा पुढे हाताच्या कौशल्यांतही दिसून आला.

अजून एक बारकावा आहे. सायकल चालवण्यासारखी सलग हालचाल वर्षानुवर्षं विसरत नाही. पण ठराविक क्रमाने करायच्या गोष्टी लवकर निसटतात. गोळी झाडणं हे असंच आहे: दस्ता खांद्यात बसवणं, गाल टेकवणं, श्वास सोडून थांबणं, ट्रिगर हळूहळू दाबणं, बार झाल्यावरही नेम न सोडणं. यातली एक पायरी गडबडली की दीड मिलिमीटर गेलेच.

म्हणूनच ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ३० गोळ्या संपवण्यापेक्षा त्याच ३० गोळ्या पाच-सहा वेळा विभागून झाडणं जास्त उपयोगाचं. शिवाय एका बैठकीत पंधरा-वीस गोळ्यांनंतर खांदा दुखायला लागतो आणि माणूस बार होण्याआधीच दचकायला लागतो. मग सराव चुकीचाच पक्का होतो.

तंत्रज्ञान इथे काय मदत करतं?

१. इलेक्ट्रॉनिक टार्गेट

पूर्वी गोळी कुठे लागली ते बघायला दुर्बीण लावावी लागे किंवा टार्गेटपर्यंत चालत जावं लागे. आता बऱ्याच रेंजवर शेजारच्या स्क्रीनवर लगेच ठिपका उमटतो. नॉर्वेच्याच कॉंग्सबर्ग गावात अशी टार्गेट बनवणारी कंपनी आहे.

हे चालतं कसं? टार्गेटच्या कडांना मायक्रोफोन असतात. गोळी आवाजापेक्षा वेगाने येते, त्यामुळे तिच्याभोवती हवेत दाबाची लाट असते. ही लाट प्रत्येक मायक्रोफोनला थोड्या वेगळ्या वेळी पोचते. वेळेतल्या फरकावरून गोळी कुठून गेली ते काढता येतं. मोबाइलमधलं जीपीएस उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा शोधतं, त्याच्याच जवळची ही कल्पना. आवाज १ मिलिमीटर जायला सुमारे ३ मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे घड्याळ किती बारीक मोजणारं लागतं बघा.

फायदा असा की चूक झाल्यावर दोन सेकंदांत कळते, तेव्हा हाताला ती अजून आठवत असते.

२. रायफलवर लावायचा सेन्सर

मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते, ती ज्या अॅक्सेलेरोमीटर आणि जायरोस्कोपमुळे, तसेच चिप्स एका छोट्या डबीत घालून रायफलला लावतात. ट्रिगर दाबायच्या आधी नळी कशी हलत होती, दाबताना कुठे गेली, याचा आलेख ॲपमध्ये दिसतो. मँटिस हे यातलं ओळखीचं नाव. फिनलंडची नॉपटेल ही कंपनी प्रकाशाच्या किरणावर चालणारी अशीच यंत्रणा बनवते.

यातली मुख्य सोय म्हणजे गोळी न घालता सराव करता येतो. याला ड्राय फायर म्हणतात. रोज दहा मिनिटं, खर्च शून्य. मात्र काडतुसं दुसऱ्या खोलीत, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री, आणि नळी अशा भिंतीकडे जिच्यापलीकडे कुणी नाही. आमच्या प्रशिक्षकांनी पहिला सगळा तास यावरच घालवला होता.

३. शूटिंग सिनेमा

जर्मनी आणि स्कँडिनेव्हियात हा प्रकार आहे. मोठ्या पडद्यावर जंगलाचा व्हिडिओ चालतो, झाडीतून रानडुक्कर किंवा एल्क निघतो. काही ठिकाणी लेसर असतो, काही ठिकाणी खरी गोळी. बार झाला की चित्र थांबतं आणि गोळी कुठे लागली ते दिसतं. किती पुढे नेम धरायचा हे शिकायला याला तोड नाही, कारण खऱ्या एल्कवर हे शिकणं कुणालाच परवडणारं नाही.

मर्यादा काय?

ड्राय फायरमध्ये धक्का नसतो, आवाज नसतो. त्यामुळे दचकण्याची सवय तिथे पकडली जात नाही. ती पकडायला एक जुनी युक्ती आहे: दुसऱ्याने रायफल भरून द्यायची आणि मधेच न सांगता डमी काडतूस घालायचं. बार होत नाही, पण दचकणाऱ्याची नळी खाली गेलेली स्पष्ट दिसते. माझी तर चांगलीच गेली होती. रेंजवरचे सगळे हसले, मीही हसलो, पण ज्या गोष्टीसाठी महिनाभर सेन्सरचे आलेख बघत होतो ती एका डमी काडतुसाने दाखवली.

मग नेमकं किती वेळा?

सगळ्यांना लागू होईल असा एकच आकडा नाही. आमच्या रेंजवरचे अनुभवी लोक आणि प्रशिक्षक जे करतात, त्यावरून वर्षभराचं वेळापत्रक असं दिसतं:

हंगाम नसताना: महिन्यातून एकदा रेंज, १० ते १५ गोळ्या. आठवड्यातून एक-दोनदा ड्राय फायर.

हंगामाआधीचे दोन-तीन महिने: दर दोन आठवड्यांनी रेंज, १५ ते २० गोळ्या. त्यातल्या निम्म्या तरी उभं राहून, गुडघ्यावर बसून किंवा काठीच्या आधाराने. एक-दोनदा हलतं टार्गेट किंवा शूटिंग सिनेमा.

हंगामाच्या आदल्या आठवड्यात: शिकारीला जी काडतुसं नेणार त्याच काडतुसांनी दुर्बिणीचा नेम तपासणं. तीन-चार गोळ्या पुरतात.

हंगामात: रायफल पडली, आपटली किंवा प्रवासात दुर्बिणीला धक्का बसला असं वाटलं, की आधी तपासणी, मग जंगल.

यातलं एक सूत्र मला सगळ्यात पटलं: प्रत्येक वेळी रेंजवर गेल्यावर पहिली गोळी वेगळी नोंदवायची. नळी थंड, हात थंड, अंदाज नाही. शिकारीत मिळते ती हीच गोळी. बाकीच्या चौदा गोळ्या शिकण्यासाठी असतात, पहिली गोळी मात्र तुम्ही आज किती तयार आहात ते सांगते. माझ्या सहकाऱ्यांनी यासाठी मला एक साधी शीट बनवायला सांगितली: तारीख, अंतर, कसं उभं होतो, पहिली गोळी आत की बाहेर. सहा महिन्यांनी ती शीट बघून ते म्हणाले, "उभं राहून ६० मीटरच्या पुढे मी बार काढणार नाही."

सरावाने बदलतं काय?

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सरावाने नेम सुधारतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वतःची मर्यादा आकड्यात कळते.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण डेन्मार्कमध्ये आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी पिंक-फूटेड गूझ या रानहंसांना पकडून त्यांचे एक्स-रे काढले. प्रौढ हंसांपैकी ३६ टक्के हंसांच्या शरीरात छर्रे निघाले. म्हणजे कुणीतरी त्यांच्यावर बार काढला होता, पण ते मेले नव्हते, छर्रे घेऊन उडत होते. १९९७ मध्ये तिथे यावर कृती योजना आली: जवळूनच बार काढा, अंतराचा अंदाज घ्यायला शिका, सराव वाढवा. पुढच्या वर्षांत पुन्हा एक्स-रे काढले तेव्हा छर्रे असलेल्या हंसांचं प्रमाण बरंच खाली आलेलं होतं.

इथे मोजमाप जनावराच्या बाजूने झालं, हे मला आवडलं. शिकाऱ्याला आपण किती चांगले वाटतो ते कुणी विचारलं नाही.

भारतात याचा काय संबंध?

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे वरचं वेळापत्रक कुणी इथे वापरायला जाऊ नये. पण रायफल क्लबमध्ये खेळ म्हणून नेमबाजी करणाऱ्या मुलामुलींना यातलं बरंच लागू पडतं: थोडं थोडं पण नियमित, गोळीशिवायचा सराव, आणि पहिल्या गोळीची वेगळी नोंद.

मी रेंजवर जातो हे कळल्यावर आईने फोनवर विचारलं होतं, "अरे, कुणाला मारायला शिकतोस तिकडे?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. गेल्या सप्टेंबरमध्ये मी पुन्हा त्याच गटाबरोबर गेलो. संध्याकाळी नव्वदेक मीटरवर एल्क उभा राहिला, अगदी आडवा. सहकाऱ्यांनी रायफल उचलली, दुर्बिणीतून पाहिलं आणि खाली ठेवली. उभं राहून, ६० च्या पुढे. एल्क निघून गेला. आम्ही थर्मासमधली कॉफी प्यायलो आणि घरी आलो.

त्या रात्री आईला फोन करून सांगितलं, कधी मारायचं नाही ते शिकतात इकडे, आणि त्यालाच वर्षभर लागतं.